बर्फ मागणारी प्रार्थना

ऱ्होन नदीच्या उगमाशी, स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात, गोम्स नावाची दरी आहे. तिच्या वरच्या भागाचा तळ समुद्रसपाटीपासून तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर असूनही आल्प्सच्या मानाने बराच सपाट आहे. हिवाळ्यात तिथे ओबरवाल्डपासून नीडरवाल्डपर्यंत नदीच्या काठाकाठाने क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या वाटा आखल्या जातात. स्थानिक जर्मन भाषेत त्यांना लॉइपे म्हणतात. सगळ्या मिळून त्यांची लांबी १०० किलोमीटरच्या आसपास भरते. उंच कड्यावरून वेगाने घसरत खाली येण्याचा खेळ इथे नाही. लांब, अरुंद स्की पायांना बांधून आणि हातातल्या काठ्यांनी रेटा देत माणूस स्वतःच्या बळावर मैलोन् मैल सपाटीवरून जातो. उल्रिखेन, गेशिनेन, म्युन्स्टर, रेकिंगेन अशी गावे वाटेत लागतात. उन्हाने काळवंडलेली लार्चच्या लाकडाची घरे एकमेकांना बिलगून उभी आणि त्यांच्या मधोमध चर्चचा पांढरा मनोरा, असे त्यांचे रूप. दरीतून अरुंद रुळांची रेल्वे धावते, त्यामुळे दमलेला माणूस कुठल्याही स्थानकावर स्की काढून गाडीत बसतो आणि मुक्कामी परततो.

अशी वाट तयार होते ती उन्हाळ्यात गवत कापलेल्या कुरणांवर. नुकत्याच पडलेल्या बर्फात बर्फ थोडा आणि हवाच जास्त असते. पट्ट्यांच्या चाकांचे अवजड यंत्र तो दाबून सपाट करते, जुन्या पद्धतीच्या स्कीइंगसाठी दोन समांतर चर पाडते आणि शेजारी स्केटिंगच्या पद्धतीने जाणाऱ्यांसाठी रुंद पट्टा मोकळा ठेवते. हे काम बहुधा संध्याकाळी किंवा रात्री होते, कारण दाबलेले कण थंडीत एकमेकांना चिकटून पृष्ठभाग घट्ट व्हायला काही तास जावे लागतात. कुरणाची जमीन गुळगुळीत असल्याने वीत-दीड वीत घट्ट बर्फही पुरतो. पण तेवढा तरी हवाच, आणि तो टिकण्याजोगी थंडीही हवी. तापमान एका अंशाने वाढले की पाऊस आणि हिमवर्षाव यांच्यातली सीमारेषा डोंगरावर साधारण दीडशे मीटर वर सरकते. तेराशे मीटरवरच्या दरीला हा हिशेब थेट जाणवतो. तिथली हॉटेले, भाड्याच्या खोल्या, स्की शिकवणारे, दुकानदार, सगळ्यांचा हिवाळा त्यावर उभा असतो. गोम्सला आज बर्फ हवा आहे.

ही इच्छा या दरीच्या इतिहासात अगदी नवी आहे. शतकानुशतके इथल्या माणसाने बर्फाकडे मृत्यू म्हणूनच पाहिले. १७२० च्या फेब्रुवारीत ओबरगेस्टेल्न गावावर कोसळलेल्या हिमलोटात ऐंशीहून अधिक माणसे गेली. २४ फेब्रुवारी १९७० च्या पहाटे रेकिंगेनवर आलेल्या हिमलोटाने लष्करी तळावरचे आणि घरांतले मिळून ३० जण मारले. आज जिथून स्कीच्या वाटा जातात त्याच परिसरातली ही गावे आहेत. घरे दाटीने एकत्र बांधण्यामागे हिमलोटाच्या वाटेबाहेरची थोडी सुरक्षित जागा पुरवून वापरण्याचाही हेतू होता.

दुसरे भय हिमनदीचे होते. गोम्स जिल्ह्याच्या खालच्या टोकाला फीश हे गाव आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला डोंगरापलीकडे आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. तिच्या कडेला बर्फाच्या भिंतीने अडवलेले मेरयेलेन नावाचे तळे साचत असे. ते फुटले किंवा ओसंडले की पाण्याचा लोंढा खालच्या वस्त्यांवर येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या थंड कालखंडाला ‘लहान हिमयुग’ म्हणतात. या काळात आल्प्समधल्या हिमनद्या अनेकदा पुढे सरकल्या आणि आलेचचे एक टोकाचे पुढे सरकणे १६७० च्या सुमाराचे आहे. कुरणे गिळत जाणारा बर्फ पाहून लोक देवाकडे वळले. १६५३ मध्ये नाटर्स या गावच्या लोकांनी जेझुइट धर्मगुरूंना बोलावून हिमनदीच्या तोंडापर्यंत मिरवणूक नेली. १६७८ मध्ये फीश आणि फीशरताल या गावांनी रीतसर व्रत घेतले. पोप अकरावे इनोसंट यांनी त्याला मान्यता दिली. व्रताला दोन अंगे होती. हिमनदी वाढू नये म्हणून प्रार्थना करायची हे एक, आणि गावाने सदाचाराने राहायचे हे दुसरे. १८६२ मध्ये त्याला वार्षिक मिरवणुकीची जोड मिळाली. संत इग्नेशियस यांच्या सणाच्या दिवशी, ३१ जुलैला, लोक फीशहून एर्नेनच्या रानातल्या चॅपेलपर्यंत चालत जाऊ लागले.

यानंतर हिमनदी मागे हटू लागली आणि हटतच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आलेचची लांबी तीन किलोमीटरहून अधिक घटली आहे. एकविसाव्या शतकात फीशच्या लोकांना आपलीच प्रार्थना उच्चारणे अवघड वाटू लागले, कारण जे मागायचे ते मिळून वर नको तितके मिळत होते. पोपने मान्य केलेले व्रत गावाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. म्हणून २००९ मध्ये रोमकडे परवानगी मागण्यात आली आणि २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत ती मिळाली. आता फीशचे लोक हिमनदी आटू नये म्हणून प्रार्थना करतात.

इथे धर्मविचारातला जुना प्रश्न अगदी ठोस रूपात उभा राहतो. निसर्गाकडून हवे ते मिळावे म्हणून केलेल्या प्रार्थनेला काही अर्थ असतो का? आणि एकाच देवाकडे आधी एक आणि मग नेमके त्याच्या उलट मागणारा माणूस नक्की काय करत असतो?

या प्रश्नावरचा सर्वांत धारदार आधुनिक युक्तिवाद गोम्सच्या माथ्यावरच जन्माला आला. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल हा हिमनद्यांचा अभ्यासक आणि निष्णात गिर्यारोहक होता. आलेच हिमनदीच्या वर बेलआल्पला त्याने पुढे घरही बांधले. १८५८ च्या उन्हाळ्यात ऱ्होन हिमनदीच्या पायथ्याशी त्याला एक तरुण धर्मगुरू भेटला. तो डोंगरांना आशीर्वाद देण्यासाठी वर आला होता. गुराढोरांना चारा मिळावा, हवामान अनुकूल राहावे अशी प्रार्थना तिथे दरवर्षी होत असे. टिंडलने या भेटीवरून पुढे काही वर्षांनी जो मुद्दा मांडला तो असा. नदीने आपला प्रवाह बदलून उंचावरच्या ग्रिमझेल खिंडीपलीकडे वाहावे, अशी प्रार्थना हा धर्मगुरू कधीच करणार नाही, कारण तो चमत्कार मागणे होईल हे त्याला कळते. पण वारा, पाऊस आणि ऊन हेही त्याच भौतिक नियमांनी बांधलेले आहेत. ते कळायला गुंतागुंतीचे आहेत, एवढाच फरक. प्रार्थनेने एक सर पाडणे म्हणजे नदी उलटी वाहवण्याइतकाच नियमभंग होय. माणूस अज्ञानाच्या धुक्यात मागतो आणि त्या धुक्यालाच देवाची मोकळीक समजतो.

१८७२ मध्ये इंग्लंडमध्ये याच विषयावर मोठा वाद पेटला. एका रुग्णालयातल्या एका विभागासाठी सर्वांनी प्रार्थना करावी आणि तिथला मृत्यूदर इतरांशी ताडून पाहावा, हा प्रस्ताव टिंडलने लोकांपुढे आणला. त्याच वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने आकडेवारीच्या आधारे दाखवले की राजेलोकांसाठी सर्वाधिक प्रार्थना होते, तरी सुखवस्तू वर्गांमध्ये त्यांचेच आयुष्य सर्वांत कमी असते. फीशचे उदाहरण या पद्धतीने तपासले तर उत्तर तितकेच कोरडे येते. हिमनदी मागे हटू लागली ती १८६२ च्या मिरवणुकीच्या सुमारास, हे खरे. पण ज्या दऱ्यांनी कोणतेच व्रत घेतले नव्हते तिथल्या हिमनद्याही त्याच दशकांत मागे हटल्या. प्रार्थनेचे फळ म्हणून ही माघार दाखवता येत नाही.

प्रार्थना म्हणजे फळ मिळवण्याची युक्ती, एवढाच तिचा अर्थ धरला तर वाद इथेच संपतो. पण ख्रिस्ती परंपरेतल्या श्रेष्ठ विचारवंतांनी तो तसा कधीच धरला नव्हता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला प्रार्थनेविषयी दीर्घ पत्र लिहिले. देवाला आपल्या गरजा आधीच ठाऊक असतात, मग मागायचे कशाला, या शंकेवर त्याचे उत्तर असे होते की मागण्याने माणसाची इच्छा घडते आणि जे मिळायचे ते सामावून घेण्याइतके मन मोठे होते. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवला. प्रार्थनेने ईश्वराचा संकल्प बदलत नाही. पण ईश्वराने ठरवलेल्या व्यवस्थेत कार्ये कारणांतून घडतात आणि त्या कारणांमध्ये माणसाची कृतीही येते. प्रार्थना ही अशीच एक कृती आहे. अ‍ॅक्वायनसच्या मताने पाहिले तर फीशच्या दोन प्रार्थनांत विरोध उरत नाही. दोन्हींमध्ये मागितले आहे ते दरीतले जीवन सुरक्षित राहावे एवढेच. बर्फ कमी की जास्त, ही त्या मागण्याची काळानुसार बदलणारी बाजू.

भारतीय विचारालाही हा पेच परका नव्हता. पिके वाळू लागली असता पावसासाठी करायची कारीरी ही वैदिक इष्टी मीमांसकांच्या चर्चेत वारंवार येते, कारण तिचे फळ याच जन्मी आणि लगेच दिसायला हवे. स्वर्गाचे फळ कोणी तपासू शकत नाही, पावसाचे सगळे गाव तपासते. विधी करूनही फळ न आल्यास दोष कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असतो, असे उत्तर न्यायदर्शनाने अशा इष्टींबद्दल दिले. ते वेदप्रामाण्य वाचवण्यासाठी दिलेले उत्तर आहे आणि टिंडलसमोर ते टिकले नसते. तरीही त्यात एक गोष्ट मोलाची आहे. विधी फसला तर बोट आधी कर्त्याकडे वळते.

नेमके इथेच फीशच्या व्रताचे दुसरे अंग महत्त्वाचे ठरते. १६७८ च्या लोकांचा समज असा होता की हिमनदी वाढते ती पापामुळे आणि ती थांबवायची तर आचरण सुधारले पाहिजे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत चुकीची होती. लहान हिमयुगाची कारणे सूर्य, ज्वालामुखी आणि महासागर यांच्यात शोधली जातात. फीशमधल्या कोणाच्या दारूबाजीशी किंवा भांडणांशी त्यांचा संबंध नव्हता. माणसाचे आचरण आणि बर्फाची वाटचाल या दोन गोष्टी टिंडलने एकमेकींपासून तोडल्या, ते त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होते.

पण त्या दोन गोष्टींमधला खरा दुवाही त्यानेच शोधून ठेवला होता. धर्मगुरूच्या भेटीनंतर एका वर्षाने, १८५९ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत टिंडलने वेगवेगळे वायू उष्णता किती शोषतात हे मोजले. हवेतला मुख्य भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेला जवळजवळ अडवतच नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ती धरून ठेवतात, असे त्याला दिसले. पृथ्वीच्या हवामानाचा आजचा अभ्यास या मोजमापांवर उभा आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण माणसाने कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून किती वाढवले, हे पुढच्या शतकात मोजले गेले. एकोणिसाव्या शतकात हिमनद्या मागे हटू लागल्या त्यात निसर्गाचा वाटा मोठा होता. आजच्या वितळण्याचे मुख्य कारण माणूस आहे.

याचा तात्त्विक परिणाम दूरवर जातो. पाप आणि हिमनदी यांचा संबंध सतराव्या शतकात नव्हता, आज तो आहे. तो गूढ किंवा दैवी नाही, कार्यकारणाचा आहे आणि मोजता येतो. फीशच्या पूर्वजांनी चुकीच्या कारणासाठी जे व्रत घेतले, ते त्यांच्या वंशजांच्या काळात शब्दशः बरोबर ठरले. आचरण सुधारल्याशिवाय बर्फ राहणार नाही, ही आता श्रद्धेची गोष्ट उरलेली नाही. टिंडलच्या आक्षेपाचे उत्तर त्याच्याच प्रयोगशाळेतून मिळते, आणि ते प्रार्थनेच्या मागणीच्या अंगाला नव्हे, तर व्रताच्या अंगाला बळ देते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९३ मध्ये धर्मावर लिहिलेल्या ग्रंथात प्रार्थनेची हीच बाजू ओळखली होती. देवाची कृपा मिळवण्याचे साधन म्हणून शब्द उच्चारणे ही त्याच्या मते अंधश्रद्धा. पण आपले सारे वागणे देवाला मान्य व्हावे अशी मनापासूनची आणि सतत जागी असलेली इच्छा, हा प्रार्थनेचा आत्मा, आणि तो नीतीपासून वेगळा करता येत नाही. कांटचा निकष गोम्सला लावला तर बर्फासाठी केलेली प्रार्थना खरी की खोटी हे चॅपेलमध्ये ठरत नाही. घरे कशाने गरम होतात, पाहुणे कसे येतात, दूरच्या देशांत काय जाळले जाते, यांवर ते ठरते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या पत्रात निसर्गाची हानी हे पाप मानून पर्यावरणासंबंधीच्या हृदयपरिवर्तनाची मागणी केली. तिथे कॅथलिक चर्च याच निष्कर्षाच्या जवळ आले.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. फीशसारख्या लहान गावाच्या आचरणाने जगाच्या हवेत काय फरक पडणार? एका दरीने कितीही संयम पाळला तरी तिचा बर्फ तिच्या संयमाने टिकत नाही. पूर्वी गावाचे पाप आणि गावावरचे संकट एकाच ठिकाणी होते, निदान लोकांची तशी श्रद्धा होती. आता पाप सगळ्या जगाचे आणि संकट या दरीचे. हा अन्याय आहे आणि प्रार्थनेने तो झाकता कामा नये. इथे वैयक्तिक व्रत अपुरे पडते. व्रत सामूहिक, म्हणजे राजकीय व्हावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये हिमनद्यांच्या नावानेच एक जनमोहीम चालली. तिला पर्याय म्हणून संसदेने केलेल्या हवामान कायद्यावर १८ जून २०२३ रोजी सार्वमत झाले आणि ५९ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो मान्य केला. २०५० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन त्यात आहे. १६७८ मध्ये एका गावाने एकत्र येऊन दिलेल्या वचनाशी याचे नाते जवळचे आहे, जरी मतदान करणाऱ्या फार थोड्यांच्या मनात देव असेल.

बर्फाची टंचाई भरून काढण्याचे तंत्रही वाढले आहे, आणि त्याचाही नैतिक विचार करावा लागतो. दावोसमध्ये २००८ पासून हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर साठवला जातो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यातून सुमारे चार किलोमीटरची वाट उघडली जाते. यात वीज फारशी लागत नाही आणि जुन्या बर्फघरांचीच ही मोठी आवृत्ती असल्याने ती आक्षेपार्ह वाटत नाही. ऱ्होन हिमनदीच्या काठावर बर्फातली गुहा पर्यटकांसाठी टिकावी म्हणून उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरी कापडे अंथरतात. ज्या हिमनदीचे तोंड टिंडलच्या भेटीच्या काळी खाली दरीच्या तळापर्यंत आले होते, तिचे ते उरलेले टोक. ही कापडे एका कोपऱ्यातले वितळणे मंदावतात, हिमनदी वाचवत नाहीत. त्यांना उपाय म्हणणे चुकीचे ठरेल.

तंत्राला किती मर्यादा आहेत हे आकडे सांगतात. इटालियन आल्प्समधल्या ज्युनिपर झुडपांच्या वाढवलयांवरून गेल्या सहाशे वर्षांतला बर्फाच्छादनाचा काळ मोजणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन बर्फाखाली राहण्याचा काळ आता दीर्घकालीन सरासरीपेक्षा ३६ दिवसांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपला सुमारे १० टक्के बर्फ गमावला. आणि बर्फ आटला म्हणजे भय संपले, असेही नाही. २८ मे २०२५ रोजी याच वाले प्रांतातल्या ल्योचेनताल दरीत, खडक ढासळल्याच्या भाराने बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. डोंगरावर सतत नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या इशाऱ्यावरून सुमारे ३०० गावकऱ्यांना आधीच हलवले होते. म्हणून जीवितहानी एका माणसापुरती राहिली. हिमनदी वाढू नये आणि आटू नये या दोन प्रार्थना एकमेकींच्या उलट आहेत असे वाटते, पण दोन्हींच्या मागे उभे असलेले भय एकच आहे. ब्लाटेनमध्ये प्राण वाचवले ते निरीक्षणाने, आणि टिंडलला त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

तेव्हा बर्फ मागणाऱ्या प्रार्थनेबद्दल निवाडा द्यायचा तर तो दोन भागांत द्यावा लागतो. आकाशातून हिमवर्षाव मिळवण्याचा उपाय म्हणून ती निष्फळ आहे आणि तिच्या भरवशावर कोणी डोंगरावरची नजर किंवा धोरण सैल केले तर ती घातक आहे. पण आपल्या वागण्याचा हिशेब देवापुढे आणि एकमेकांपुढे मांडण्याचे व्रत म्हणून ती आज १६७८ पेक्षा अधिक समर्थनीय आहे. पोपच्या परवानगीने २०१० मध्ये बदलली ती तिची मागणी. सदाचाराचे वचन जसेच्या तसे राहिले आणि खरे काम तेच करू शकते. महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने पर्यटक ३,४५४ मीटर उंचीवरच्या जुंगफ्राउयोख स्थानकावर जातात. तिथून खाली पसरलेली दिसते ती हीच आलेच हिमनदी, आणि विमानाने येऊन तिथवर पोहोचलेल्या प्रत्येकाचा वाटा त्या हिशेबात धरावा लागतो.